उशाशी बसण्याचे शिक्षण

रुग्णाची शुश्रूषा केलेल्या प्रत्येकाला एक वेळ चांगली ठाऊक असते. रात्री दोन-अडीचचा सुमार. औषधे देऊन झालेली असतात, दिवा मंद केलेला असतो, घर झोपलेले असते. इतका वेळ डोळे मिटून पडलेला माणूस एकाएकी विचारतो, “मी यातून उठेन का गं?” किंवा, “मी कोणाचे काय वाईट केले होते, म्हणून हे माझ्या वाट्याला आले?” वाचकहो, या प्रश्नाला आपण काय उत्तर देता? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते. “काहीतरीच काय बोलता! झोपा पाहू आता.” हे उत्तर मायेपोटीच दिलेले असते. रुग्णही मुकाट्याने कूस बदलतो आणि आपला प्रश्न उशाखाली सरकवून ठेवतो.

रक्तदाब मोजण्यासाठी यंत्र आहे, साखर तपासण्यासाठी पट्टी आहे. वेदना किती आहे हे विचारण्यासाठीही डॉक्टरांनी शून्य ते दहा अशी मोजपट्टी तयार केली आहे. उशाखालच्या या प्रश्नांसाठी मात्र आपल्या बहुतेक रुग्णालयांत कोणत्याही दारावर पाटी दिसत नाही. काही देशांत ती दिसते. तेथे केवळ या कामासाठी शिकवून तयार केलेली आणि रुग्णालयाच्या सेवेत रीतसर नेमलेली माणसे असतात. त्यांना ‘चॅपलेन’ म्हणतात. ही माणसे कोण असतात, ती काय शिकतात आणि त्यांच्या शिकण्यातले आपल्या घरच्या खाटेपर्यंत काय आणता येईल, याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

अर्ध्या झग्याची गोष्ट

चॅपलेन हा शब्द ज्या कथेतून आला, ती कथा मोठी अर्थपूर्ण आहे. चौथ्या शतकात रोमन सैन्यात मार्टिन नावाचा एक तरुण शिपाई होता. कडाक्याच्या थंडीत नगरद्वाराशी त्याला एक उघडावाघडा भिकारी दिसला. देण्यासारखे दुसरे काही जवळ नव्हते. मार्टिनने तलवारीने आपला झगा मधोमध कापला, अर्धा भिकाऱ्याच्या अंगावर घातला आणि उरलेला अर्धा स्वतः पांघरला. पुढे तो संत म्हणून ओळखला जाऊ लागला आणि त्याचा अर्धा झगा पवित्र ठेवा मानला गेला. झग्याच्या लॅटिन शब्दावरून तो सांभाळणाऱ्या पुरोहितांना जे नाव पडले, त्याचेच रूप म्हणजे ‘चॅपलेन’.

या कथेतला मला भावलेला भाग असा, की मार्टिनने सगळा झगा दिला नाही. थंडी त्यालाही वाजतच राहिली. दुसऱ्याच्या दुःखात वाटेकरी व्हायचे, पण त्यात स्वतः गोठून जायचे नाही, ही गोष्ट आपल्यापैकी जे महिनोन्‌महिने कोणाची तरी सेवा करीत आहेत त्यांना वेगळी समजावून सांगायला नको.

आजचा चॅपलेन चर्चमध्ये बसत नाही. जेथे माणसाचे नेहमीचे आधार सुटलेले असतात, तेथे तो काम करतो. रुग्णालय, मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारी हॉस्पिस, मनोरुग्णालय, तुरुंग, लष्कराची छावणी ही त्याची ठिकाणे. पुरोहिताकडे माणसे आपण होऊन जातात. चॅपलेन मात्र अशा माणसांकडे जातो, ज्यांना त्या क्षणी कोठेही जाता येत नाही.

आमच्या खोलीत आलेली पाहुणी

माझी या व्यवसायाशी ओळख पुस्तकातून झाली नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे अमेरिकेतील ओहायो राज्यात मुलाकडे गेलो होतो. तेथे माझ्या यजमानांच्या हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला आणि एकवीस दिवस रुग्णालयात काढावे लागले. यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. साताऱ्याच्या आमच्या घरी देवपूजा मी करायची आणि त्यांनी वर्तमानपत्र वाचायचे, अशी अनेक वर्षांची वाटणी होती.

तिसऱ्या दिवशी परिचारिकेने विचारले, “चॅपलेनना भेटायला आवडेल का?” यजमान अंगात ताप असतानाही मिश्कीलपणे मला म्हणाले, “कोण? चार्ली का?” आम्ही दोघेही हसलो आणि त्या हसण्याच्या भरात ‘येऊ द्या’ म्हणून गेलो.

पन्नाशीच्या आसपासची एक बाई आली. गळ्यात क्रूस नव्हता, हातात ग्रंथ नव्हता. ती दाराशी थांबली आणि आत येण्याची परवानगी तिने मागितली. त्या खोलीत दिवसभरात वीसेक माणसे येऊन जात असत. कोणी सुई घेऊन येई, कोणी नळी, कोणी तपासणीचा कागद. दाराशी थांबून विचारणारी ती पहिलीच. मग तिने खुर्ची अशी ओढून घेतली, की तिचे डोळे आणि रुग्णाचे डोळे एका पातळीवर यावेत. यजमानांनी आरंभीच सांगून टाकले, “माझा देवाधर्माशी फारसा संबंध नाही.” ती म्हणाली, “बरे. मग कठीण काळात तुम्हाला आजवर कशाचा आधार वाटला?” ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “कामाचा.” त्यानंतर अर्धा तास ते तिला कालव्यांविषयी, धरणाच्या भिंतीविषयी आणि पहिले पाणी सोडले त्या दिवसाविषयी सांगत राहिले. एवढे बोललेले मी त्यांना त्या आजारात प्रथमच पाहिले.

“प्रार्थना करू का?” असे तिने एकदाच विचारले. ते ‘नको’ म्हणाले आणि तो विषय तिने पुन्हा काढला नाही. मला मात्र तिने निघताना बाहेर थांबून विचारले, “आणि तुम्हाला काय हवे आहे?” मी म्हटले, संध्याकाळी देवापुढे दिवा लावायची सवय आहे, चुकल्याचुकल्यासारखे वाटते. खोलीत प्राणवायूची नळी असल्यामुळे ज्योत पेटवणे शक्यच नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने बॅटरीवर लुकलुकणारा एक छोटा दिवा आणून दिला. परक्या देशातल्या त्या खोलीत त्या खोट्या ज्योतीने मला खरा धीर दिला.

चौथ्या भेटीच्या वेळी ती आली तेव्हा मी उपाहारगृहात गेले होते. परतले तर दोघेही गप्प बसलेले. यजमानांचे डोळे ओले होते. ती निघाली तेव्हा मी व्हरांड्यात तिला गाठून विचारले, “काय बोलणे झाले?” ती सौम्यपणे म्हणाली, “ते त्यांचे आहे. त्यांना वाटेल तेव्हा ते तुम्हाला सांगतील.” त्या क्षणी मला ते थोडे लागले, हे खरे. पण त्याच रात्री यजमान आपणहून म्हणाले, “अगं, दादाला फोन लावतेस का?”

दादा म्हणजे माझे थोरले दीर. शेताच्या बांधावरून दोघा भावांत एकोणीस वर्षे अबोला होता. ओहायोत तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते, म्हणजे साताऱ्यात सकाळ झालेली. फोन चारच मिनिटे चालला. पाऊस कसा आहे, ऊस किती उभा आहे, तुझी तब्येत काय म्हणते, एवढेच बोलणे झाले. बांधाचा शब्दही निघाला नाही. फोन ठेवून यजमान झोपले ते सलग सहा तास. पुढे आम्ही घरी परतलो. त्यानंतर यजमान तीन वर्षे होते आणि त्या तीन वर्षांत दादा दर दिवाळीला आमच्याकडे आले.

वाचकहो, फोनमुळे झडप बरी झाली असे मी म्हणणार नाही. झडप प्रतिजैविकांनी बरी झाली. पण त्या बाईने कोणताही उपदेश न करता, ‘भावाला क्षमा करा’ असे एका शब्दाने न सांगता, हे घडायला जागा कशी करून दिली, याचे कुतूहल माझ्या मनात राहिले. निघण्यापूर्वी मी तिला विचारले. ती हसून म्हणाली, “आम्हाला हे शिकावे लागते. सर्वांत जास्त वेळ उत्तरे देण्याची सवय मोडण्यात जातो.”

जिवंत माणूस हेच पुस्तक

हे शिक्षण सुरू कसे झाले, याचा मी नंतर शोध घेतला. त्याच्या मुळाशी एक रुग्णच आहे. अँटन बॉइसेन हे अमेरिकेतील एक धर्मोपदेशक. १९२० साली त्यांना तीव्र मानसिक आजाराचा झटका आला आणि दीर्घकाळ मनोरुग्णालयात राहावे लागले. तेथे त्यांना एक विचित्र पोकळी जाणवली. डॉक्टर त्यांच्या आजाराकडे पाहत, पण त्या आजारात त्यांच्या श्रद्धेची जी उलथापालथ होत होती तिच्याशी डॉक्टरांना कर्तव्य नव्हते. धर्मोपदेशक प्रार्थना म्हणून निघून जात, पण आजार म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हते. दोघांच्या मधल्या जागेत रुग्ण एकटा पडत होता.

बरे झाल्यावर बॉइसेन १९२४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅपलेन म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी, १९२५च्या उन्हाळ्यात, धर्मशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी तेथे बोलावून घेतले. हे विद्यार्थी दिवसा वॉर्डात मदतनीस म्हणून राबत आणि संध्याकाळी चर्चेला बसत. बॉइसेन यांचे म्हणणे असे, की ग्रंथ जितक्या काळजीने वाचता तितक्याच काळजीने माणूस वाचायला शिका, कारण प्रत्येक रुग्ण हा एक जिवंत मानवी दस्तऐवज आहे. त्याच सुमारास बॉस्टनमधील डॉ. रिचर्ड कॅबट हे डॉक्टरांच्या बाजूने हीच मागणी करीत होते. वैद्यकाचा विद्यार्थी जसा रुग्णाजवळ शिकतो, तसे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही एक वर्ष रुग्णालयात शिकले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

त्या उन्हाळी वर्गातून आजचा अभ्यासक्रम वाढत गेला. अमेरिकेत त्याचा एक टप्पा किमान ४०० तासांचा असतो. त्यांपैकी सुमारे ३०० तास प्रत्यक्ष रुग्ण व कुटुंबीयांसोबत आणि १०० तास मार्गदर्शकाबरोबर व सहाध्यायांच्या छोट्या गटात जातात. पूर्ण मान्यता मिळवू पाहणाऱ्याला असे चार टप्पे, म्हणजे १६०० तास, पुरे करावे लागतात. त्याखेरीज पदव्युत्तर शिक्षण, पुढे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, आपल्या धर्मपरंपरेचे वा समुदायाचे मान्यतापत्र आणि शेवटी ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या समितीपुढे मुलाखत. एखाद्याच्या उशाशी नीट बसता यावे म्हणून इतकी तयारी!

या शिक्षणातली एक रीत मला फार मोलाची वाटते. विद्यार्थी रुग्णाला भेटून आला, की तो संवाद आठवून शब्दशः लिहून काढतो. रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणालो, कोठे थांबलो, कोठे घाईने विषय बदलला, सगळे लिहायचे. मग तो कागद गटापुढे वाचायचा. उदाहरणादाखल आपण एक कल्पित प्रसंग घेऊ. समजा, आजोबा म्हणाले, “आता कशाला औषधे? बास झाले.” याला तीन उत्तरे संभवतात. पहिले, “असे अभद्र बोलू नये.” दुसरे, “डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे.” तिसरे, “बास झाले म्हणता… कशाचे बास झाले, आजोबा?” पहिल्या दोन उत्तरांनी संभाषण तेथेच संपते. तिसऱ्या उत्तरानंतर आजोबा म्हणतील, दर दोन तासांनी सुई टोचतात त्याचे. किंवा म्हणतील, मुलाचा पैसा खर्च होतो आहे त्याचे. किंवा म्हणतील, तुमची आजी गेल्यापासून या सगळ्याचेच. तिन्ही दुखणी वेगवेगळी आहेत आणि तिन्हींचे उपायही वेगळे आहेत. पण दुखणे कोणते हे कळण्यासाठी दार उघडे राहायला हवे.

गटात मग विद्यार्थ्याला अवघड प्रश्न विचारले जातात. तू दिलेल्या त्या उत्तराने भीती कोणाची कमी झाली, रुग्णाची की तुझी? मृत्यूचा विषय निघताच तू पाण्याचा पेला का उचललास? विद्यार्थ्याला स्वतःच्या घरातले मृत्यू, स्वतःचे राग, स्वतःची दुबळी जागा तपासावी लागते. कारण ज्या दुःखाकडे आपण स्वतः पाहू शकत नाही, तेच दुःख दुसऱ्याच्या तोंडी आले की आपण घाईने सांत्वन करू लागतो.

काय करायचे नाही, याचेही नियम

या व्यवसायाची प्रतिष्ठा त्याच्या संयमावर उभी आहे. रुग्णाचा धर्म बदलण्याचा प्रयत्न करायचा नाही. तो ज्या श्रद्धेचा असेल, किंवा कोणत्याच श्रद्धेचा नसेल, तेथूनच बोलणे सुरू करायचे. त्याला पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री जो हवा असेल तो बोलावून द्यायचा. सांगितलेली गोष्ट बाहेर न्यायची नाही. जिवाला धोका असेल तर मात्र उपचार करणाऱ्यांना सांगायचे. चॅपलेन डॉक्टर व परिचारिकांबरोबर बैठकीला बसतो, रुग्णाच्या कागदपत्रांत नोंद करतो, पण नोंद उपचारांना उपयोगी पडेल तेवढीच.

याला वैद्यकीय आधारही आहे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयीन समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर. त्यांनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. शरीराची वेदना, मनाची वेदना, कुटुंब व पैशांची चिंता आणि जगण्याच्या अर्थाविषयीची तळमळ, ही सगळी एकमेकांत गुंतलेली असते. एकीकडे दुर्लक्ष केले तर दुसरीही नीट शमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिहार सेवेच्या व्याख्येतही आध्यात्मिक त्रासाचा स्पष्ट उल्लेख आहे. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विमा योजनेत हॉस्पिसचा समावेश १९८२च्या कायद्याने झाला. त्यानुसार हॉस्पिसच्या पथकात डॉक्टर, परिचारिका व समाजसेवक यांच्याबरोबर धार्मिक किंवा अन्य समुपदेशक असावाच लागतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत आज ख्रिस्ती चॅपलेनबरोबर हिंदू, मुस्लिम, शीख, ज्यू आणि कोणताही धर्म न मानणारे मानवतावादी सहकारीही काम करतात.

लष्करातही हेच काम चालते. तेथील चॅपलेन शस्त्र धरत नाहीत, आणि जिनिव्हा करारांनी त्यांना वैद्यकीय सेवकांसारखे संरक्षण दिले आहे. २०११ मध्ये अमेरिकी सैन्यदलात प्रथमच हिंदू चॅपलेन नेमण्यात आल्या. त्या भारतात जन्मलेल्या कॅप्टन प्रतिमा धर्म. चिन्मय मिशनच्या अमेरिकेतील शाखेने त्यांना मान्यतापत्र दिले होते.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे ही परंपरा अगदीच नाही असे नव्हे. भारतीय सैन्यात ‘धर्मगुरू’ हे रीतसर पद आहे. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री त्या पदावर काम करतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये चॅपलेनचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले. ते भारतातले पहिले हॉस्पिस. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून कर्करुग्णांसाठी सिप्लाचे परिहार सेवा केंद्र चालते. कोझिकोडमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या परिहार सेवेच्या कामातून केरळभर शेजाऱ्यापाजाऱ्यांची पथके उभी राहिली. ही प्रशिक्षित स्वयंसेवक मंडळी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नेमाने जातात.

शिवाय आपल्या गावांना भजनी मंडळ आहे, कीर्तन आहे, हरिपाठ आहे. वारीत म्हाताऱ्या माणसाचा हात धरून चालणारा अनोळखी माणूस आहे. आधार देण्याची आपली रीत जुनी आणि श्रीमंत आहे. उणीव आहे ती रुग्णाजवळ गेल्यावर ऐकण्याच्या शिस्तीची. आजाऱ्याला भेटायला आलेली मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत. एकजण आपल्या मेहुण्याचे ऑपरेशन सविस्तर सांगतो, दुसरा काढ्याची कृती देतो, तिसरा ‘प्रारब्ध आहे’ म्हणून उसासा टाकतो. चहा पिऊन सगळे जातात. रुग्णाला एकही प्रश्न विचारलेला नसतो.

घरच्या खाटेपाशी

सोळाशे तासांचे शिक्षण घरबसल्या होत नाही आणि तसा दावा कोणी करू नये. परंतु त्यातल्या काही सवयी आपल्याला लावून घेता येतात. यजमानांच्या शेवटच्या वर्षात आणि पुढे शेजारपाजारच्या आजारपणांत ज्यांचा उपयोग मी पाहिला, त्या येथे सांगते.

पहिली सवय परवानगीची. “थोडा वेळ बसू का?” हे घरच्या माणसालाही विचारावे. आजाऱ्याच्या हातून सगळे निर्णय गेलेले असतात. खाणे कधी, अंघोळ कधी, कूस कोणती, सारे दुसरेच ठरवतात. हो किंवा नाही म्हणण्याची ही लहानशी संधीही त्याला माणूसपण परत देते. ‘नको’ म्हणाला, तर खरोखर उठावे.

दुसरी सवय बसण्याची. उभ्याने बोलणारा माणूस जाण्याच्या तयारीत आहे असे रुग्णाला वाटते. खुर्ची डोळ्यांच्या पातळीवर आणावी, भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा. दहा मिनिटे पुरतात, पण ती दहा मिनिटे पूर्ण त्याची असावीत.

तिसरी सवय प्रश्न परत करण्याची. “मी बरा होईन का?” याला “तुम्हाला काय वाटते?” असे हळुवारपणे विचारता येते. वैद्यकीय माहिती हवी असेल तर डॉक्टरांकडून खरी माहिती मिळवून द्यावी. पण पुष्कळदा त्या प्रश्नामागे दुसराच प्रश्न असतो. माझ्यामागे हिचे कसे होईल? मला फार दुखेल का? मी एकटा तर पडणार नाही ना? तो वर यायला थोडा अवधी द्यावा लागतो.

चौथी सवय शांततेची. रुग्ण गप्प झाला की आपल्याला काहीतरी बोलावेसे वाटते. ते न बोलता हात हातात ठेवून बसावे. ज्यांची स्मृती हरपत चालली आहे, त्यांच्या बाबतीत तर हेच मुख्य. त्यांची चूक दुरुस्त करीत बसू नये. ओळखीचा अभंग, ओळखीचा स्पर्श, ओळखीचा वास त्यांना शब्दांपेक्षा लवकर पोहोचतो.

पाचवी सवय देवाची वकिली न करण्याची. आजारी माणूस देवावर रागावला, तर त्याला रागावू द्यावे. “पूर्वजन्मीचे भोग” असे तो स्वतः म्हणाला आणि त्यात त्याला आधार वाटला, तर ते त्याचे आहे. आपण मात्र धडधाकट पायांवर उभे राहून ते त्याला सांगू नये.

डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ मध्ये डॉक्टरांसाठी अशा संभाषणाची एक सोपी वाट आखून दिली. तिचा आशय आपल्या भाषेत असा. तुम्हाला कशामुळे बळ मिळते? आजारपणात त्याचे स्थान काय आहे? तुमची जिवाभावाची माणसे कोण? आणि या बाबतीत आम्ही तुमच्यासाठी काय करावे? हे चार प्रश्न एका बैठकीत संपवायचे नाहीत. आठवड्याला एक विचारला तरी पुष्कळ झाले. याच बोलण्यातून कधी पुढच्या उपचारांविषयीची इच्छाही कळते. अतिदक्षता विभाग हवा की घर, कृत्रिम श्वास हवा की नको, हे शुद्धीवर असताना कागदावर लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची रीत सुलभ केली. हे लिहिणे अशुभ नाही. त्यामुळे मुलांवरचे एक मोठे ओझे उतरते.

एक सावधगिरीची सूचना. ऐकणे हे औषधाला पर्याय नाही. रुग्ण सतत उदास राहत असेल, खाणे-झोप तुटली असेल, जीव नकोसा झाल्याचे वारंवार बोलत असेल, तर त्याकडे वयाचा परिणाम म्हणून पाहू नये. डॉक्टरांना ताबडतोब सांगावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरात दिसेल अशा जागी लिहून ठेवावा.

आणि सेवा करणाऱ्यांनो, तुमच्यासाठी अर्धा झगा विसरू नका. चॅपलेन स्वतः नेमाने मार्गदर्शकापुढे बसतो, कारण ऐकणाऱ्यालाही ऐकणारा लागतो. दिवसाकाठी ज्याच्याजवळ मोकळेपणी बोलता येईल असे एक माणूस ठरवून ठेवा. बहीण असेल, मैत्रीण असेल, समोरच्या घरातल्या काकू असतील. “मी थकले आहे” हे वाक्य त्यांच्यापाशी बोलून टाका. त्यात सेवेत कसूर झाली असे होत नाही.

ज्येष्ठ वाचकांनाही एक विनंती आहे. तुमच्या उशाखाली प्रश्न असतील, तर मुलांना काळजी नको म्हणून ते लपवू नका. विश्वासाचे एक माणूस निवडा आणि त्याला आधीच सांगा, “मला उत्तर नको, नुसते ऐक.” एवढ्या एका वाक्याने ऐकणाऱ्याचेही काम सोपे होते. आज संध्याकाळी औषधांचा डबा मिटला, की ते वाक्य बोलून पाहा.